सरकारमान्य दाई हाजी तुराब

सरकारने मुलींच्या शाळा बंद केल्या, तेव्हा मुले जन्माला येणे मात्र बंद झाले नाही. तसा आदेशच निघालेला नव्हता. नवे सरकार गडबडीत होते, तेव्हा ही त्रुटी नजरेतून सुटली असावी. परिणामी अफगाणिस्तानातल्या आमच्या सरचश्मा तालुक्यात बायका पूर्वीप्रमाणेच बाळंत होत राहिल्या, आणि हिवाळ्यात हेरातच्या मोठ्या दवाखान्याचा रस्ता बर्फाने बंद झाला की त्यांतल्या काही पूर्वीप्रमाणेच मरत राहिल्या. म्हणून मग, बायकांचे बाकी सगळे शिक्षण थांबलेले असताना, आमची दाई प्रशिक्षण संस्था विशेष बाब म्हणून चालू ठेवण्यात आली. मी त्या संस्थेचा कारकून. नाव शीर आगा. तीन राजवटींची सेवा केली आहे. राजवट बदलली की शिक्का बदलतो; शाईची बाटली आमच्याकडे अजून पहिलीच आहे.

संस्थेत दहा-बारा मुली शिकत होत्या आणि त्यांना जमालच्या आई शिकवत होत्या. आमच्याकडे परक्या बाईचे नाव चारचौघांत घेण्याची पद्धत नाही. मुलगा असला तर अमक्याची आई, नसला तर तमक्याची मुलगी, आणि दोन्ही नसले तर घसा खाकरून काम भागवतात. आमच्या मंडळींना मी आजतागायत ‘ऐकलंस का’ याच नावाने हाक मारत आलो आहे, आणि त्या ओ देतात. संसाराला यापेक्षा जास्त काय लागते?

या मुलींत हाजी तुराबांची नात होती. बाप इराणात वीटभट्टीवर, आई लहानपणीच गेलेली, घरात हे दोघेच. हाजी तुराब म्हणजे जुने ट्रक ड्रायव्हर. त्यांच्या ट्रकचे नाव शाहीन; त्याच्या मागच्या फळीवर रंगवलेला सिंह अख्ख्या हेरात रस्त्यावर प्रसिद्ध होता. आता ट्रक विकला होता, ओठाखाली नसवारीची तंबाखू ठेवून उन्हात बसणे एवढाच उद्योग उरला होता. नात नववीत असताना शाळा बंद झाली. प्रवेशाच्या दिवशी, तेव्हा बायकांच्या आवाजाला अजून बंदी नव्हती, ती माझ्या टेबलापुढे उभी राहून म्हणाली होती की तिला दुसरे काही नको, फक्त ते प्रमाणपत्र हवे, कारण त्याशिवाय दवाखान्यात कुणी बाळंतिणीला हात लावू देत नाही. तिची आजी बाळंतपणातच गेली होती. कशाने, ते तिला घरात कुणी सांगू शकले नव्हते.

पहिला आदेश आला तो महरमचा. महरम म्हणजे ज्याच्याशी बाईचे लग्न होऊ शकत नाही असा घरचा पुरुष, किंवा मग ज्याच्याशी ते होऊन गेले आहे असा नवरा. प्रत्येक मुलीने महरमसोबतच यावे. आदेश घेऊन तालुक्याच्या सदाचार कार्यालयाचे प्रमुख मौलवी फजल रबी स्वतः आले. माणूस स्वभावाने मऊ, पण हुद्द्याने कडक. ते म्हणाले, आदेश वरून आला आहे, आपण काय करणार. आणि दोन प्याले हिरवा चहा घेऊन गेले.

महरम मंडळी सुरुवातीला अंगणात तुतीच्या झाडाखाली बसत. पण अंगणाची भिंत तंदूरवाल्याच्या दुकानाला लागून, आणि तिथे बायका रोटी घ्यायला येत. तक्रार झाली. शिवाय मौलवींनी असा मुद्दा काढला की जो महरम आपल्या बाईपासून भिंतीपलीकडे बसतो, तो महरम कसला? तेव्हा महरम वर्गात आले. महरम वर्गात आल्यामुळे मुली पडद्यामागे गेल्या. समोर इतके परके पुरुष बसल्यामुळे जमालच्या आईही पडद्यामागे गेल्या. अशा रीतीने वर्गात दाढीवाले पुरुष ओळीने बसून एका पडद्याकडे बघू लागले. शिस्तीच्या दृष्टीने हा वर्ग आदर्श होता. निम्मे झोपलेले असत.

हजेरीचा प्रश्न मी सोडवला. इतक्या पुरुषांसमोर मुलींची नावे पुकारणे शक्यच नव्हते, म्हणून मी महरमांची नावे पुकारू लागलो. “हाजी तुराब!” म्हटले की हाजी साहेब दचकून जागे होत आणि “हजर” म्हणत. मौलवींनी माझ्या या तोडग्याचे कौतुक केले.

पुढे तपासणीत त्यांना कपाटात रबरी बाई सापडली. परदेशी मदतवाल्यांनी जाताना ती मागे ठेवली होती. कमरेपासून गुडघ्यांपर्यंतच होती, पण तिच्यावर मुलींना बाळंतपण शिकवता येई. मौलवींनी कपाट झटकन लावून घेतले आणि भिंतीकडे तोंड करून विचारले, “रात्री इमारतीत कोण असतं?”

“चौकीदार,” मी म्हणालो.

“म्हणजे एक परका पुरुष आणि एक बाई, एका छताखाली.”

“साहेब, तिला डोकं नाही.”

“डोकं असलंच पाहिजे अशी अट आदेशात नाही, शीर आगा.”

हे खरेच होते. रबरी बाईला बुरखा शिवण्यात आला आणि तिचा महरम म्हणून, मामा या नात्याने, माझी नेमणूक झाली. नेमणुकीत माझ्या भावना विचारात घेतल्या गेल्या नाहीत. मुलींनी तिला एक नाव ठेवले होते. ते मला ठाऊक आहे, पण मामा म्हटल्यावर मी ते चारचौघांत कसे सांगणार?

मग आवाजाचा आदेश आला. परक्या पुरुषांच्या कानी बाईचा आवाज पडू नये. त्यामुळे जमालच्या आई पडद्याआडून जमालच्या कानात सांगत आणि जमाल ते वर्गाला सांगे. जमालचा बाजारात टायरचा धंदा. “नाळ!” असे तो अशा आवाजात ओरडे की तंदूरवाल्याचे गिऱ्हाईक मागे वळून बघे. मुलींच्या शंकाही त्याच वाटेने येत. मुलगी पडद्यातून आपल्या महरमच्या कानात पुटपुटायची, महरम उभा राहायचा, कानापर्यंत लाल व्हायचा, आणि गर्भपिशवीचे तोंड किती उघडले म्हणजे कळ द्यायला सांगायची असे विचारून खाली बसायचा. एका नवपरिणीत महरमला तर दर शंकेनंतर पाणी द्यावे लागे. हाजी साहेबांच्या नातीला सगळ्यांत जास्त शंका. ते म्हणायचे, शाहीनमध्ये बसून डोंगर चढलो तेव्हा इतकी उठबस केली नव्हती.

पण माणूस कशालाही सरावतो. महिन्याभरात चहाखान्यात पुरुष गव्हाचे भाव सोडून पायाळू मुलाबद्दल वाद घालू लागले. एकाने तर गरोदर बायकोच्या हातून पाण्याचे डबे काढून घेतले आणि स्वतः झऱ्यावर गेला. गल्लीत त्याची यथेच्छ टिंगल झाली. दुसऱ्या दिवशी टिंगल करणाऱ्यांपैकी दोघे डबे घेऊन जाताना मी पाहिले.

एके दिवशी जमाल सांगत होता की मूल झाल्यावर रक्त थांबत नसेल तर पोटावरून पिशवी जोराने चोळायची, ती हाताला घट्ट लागेपर्यंत हात काढायचा नाही. हाजी तुराब उठून उभे राहिले. पडद्यातून कुणी काही पुटपुटले नव्हते.

“चोळायची म्हणजे, हातानंच?” त्यांनी विचारले.

जमालने पडद्याला कान लावला. “हातानंच.”

“हेरातला न्यावं लागत नाही?”

“इंजेक्शन असेल तर ते द्यायचंच. हेरातलाही न्यावं. पण आधी हात.”

“हात तर सगळ्यांनाच असतो,” हाजी म्हणाले आणि खाली बसले.

नंतर अंगणात त्यांनी मला सांगितले की त्यांच्या मंडळी गेल्या तेव्हा शाहीन घाटात अडकला होता आणि ते पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. घरात सासू होती, जावा होत्या, शेजारणी होत्या. सगळ्या रडत होत्या. “नशीब म्हणाले सगळे. मीही म्हणालो. इतकी वर्षं मी त्या बर्फाला शिव्या घालतोय, शीर आगा.” त्या दिवसानंतर हाजी तुराब वर्गात कधी झोपले नाहीत.

शेवटचे सत्र उरले असताना वरून नवा आदेश आला. दाई शिक्षणासह बायकांच्या सर्व संस्था बंद. मौलवी कुलूप घेऊनच आले. खरे तर त्यांचा चेहरा पडला होता. वर्षभर ते आमचा चहा प्याले होते. मी त्यांच्यापुढे हजेरी ठेवली. त्यात हाजी तुराब होते, जमाल होता, तमाम महरम होते. बाई एकही नव्हती. ही बायकांची संस्था आहे, याला कागदावर काही आधारच नव्हता. मौलवींनी पुनःपुन्हा पाने चाळली, मग कुलूप खिशात घातले आणि सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाले की आदेश या संस्थेला लागू होत नाही.

मी घरी जाऊन मंडळींना ही हकीकत फुशारकीने सांगितली. दुसऱ्या दिवशी मौलवी पुन्हा आले. रात्री त्यांच्या लक्षात आले होते की संस्था पुरुषांची असेल, तर पुरुषांच्या संस्थेत बायका काय करतात? तेव्हापासून मुली घरी बसल्या आणि महरम एकटे येऊ लागले. पडदा तसाच ठेवला, कारण पडद्यामागे जमालच्या आई होत्या. त्यांची नोंद ‘पडदा, एक नग’ अशी केली.

हाजी तुराब दुपारी धडा ऐकत आणि घरापर्यंत तो तोंडाने घोकत जात. घरी नात उंबऱ्यातच उभी. सगळे सांगून झाल्याशिवाय आशची, म्हणजे शेवयांच्या सूपाची, वाटी पुढे यायची नाही. एखादा तपशील विसरला तर उलटतपासणी व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी नव्या शंका घेऊन पाठवणी. “रस्त्यावरचा पोलीस बरा होता,” हाजी मला म्हणाले. “तो काहीतरी घेऊन सोडायचा तरी.” पण हे सांगताना त्यांची छाती फुगलेली असे. नात घरातल्या उशीला पोट समजून तिच्यावर हात बसवत होती आणि गल्लीतल्या गरोदर बायका भाजीच्या निमित्ताने येऊन पोट तपासून घेत होत्या. पण बाळंतपणाला तिला कुणी बोलावू शकत नव्हते. विनाप्रमाणपत्र बाळंतपण हा गुन्हा होता.

परीक्षा झाली. तोंडी परीक्षा महरमांनी दिली. प्रात्यक्षिकाला अडचण आली, कारण रबरी बाई त्यांना परकी होती. तेव्हा तिची प्रकृती उत्तम असल्याचे मामाने, म्हणजे मी, लिहून दिले आणि सर्वांना पूर्ण गुण मिळाले. हाजी तुराब पहिले आले. मौलवींच्या हस्ते त्यांना प्रमाणपत्र मिळाले: हाजी तुराब, सरकारमान्य दाई. पांढरी दाढी छातीपर्यंत. टाळ्या झाल्या, खजूर वाटले.

दुसऱ्या दिवशी हाजी साहेब माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, पोरीने प्रमाणपत्र हातात घेतले, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, नीट घडी केली, “मुबारक, बाबाजान” म्हणाली आणि पीठ मळायला गेली. तेव्हापासून पीठच मळते आहे.

“यावर तिचं नाव घाला,” ते म्हणाले.

“कसं घालणार, हाजी साहेब? ती इथं शिकल्याचा पुरावा काय?”

“तिला सगळं येतं, हा.”

“हा पुरावा कुठल्या रकान्यात बसत नाही.”

हाजींनी प्रमाणपत्राची घडी करून ते खिशात ठेवले. मला वाईट वाटले. पण वाईट वाटण्याचाही रकाना नव्हता.

सगळ्या सरकारमान्य दायांच्या नेमणुका झाल्या. हाजी तुराब तालुक्याच्या दवाखान्यात रुजू झाले. पुरुषाने बाईला तपासायचे नाही, त्यामुळे एकही बाळंतीण दाईच्या समोर येऊ शकत नव्हती आणि दाईला एकाही बाळंतिणीच्या समोर जाता येत नव्हते. दवाखान्याचे काम अत्यंत सुरळीत चालू होते.

मग ऐन हिवाळ्यात, घाट बंद असताना, दुपारी मौलवी फजल रबी दवाखान्यात शिरले. पगडी सुटलेली, पायात एकच बूट. मी तेव्हा तिथे अहवाल न्यायला गेलो होतो. त्यांच्या मंडळी पहाटेपासून कळा देत होत्या आणि सुटका होत नव्हती.

“दाई कोण आहे इथं?” त्यांनी विचारले.

हाजी तुराबांनी नसवार थुंकली आणि उठून उभे राहिले. “मी.”

मौलवी क्षणभर त्यांच्या दाढीकडे बघत राहिले. मग त्यांना स्वतःची सही आठवली असावी. “तुम्ही आत कसे जाणार?”

“मी नाहीच जाणार. माझी नात जाईल.”

“तिच्याकडे प्रमाणपत्र आहे?”

“नाही.”

“मग तिनं हात लावला तर मलाच तिला पकडावं लागेल.” हे बोलताना त्यांचा आवाज फुटला. माणूस खरोखर घाबरला होता. आपणच लावलेले कुलूप आणि आपल्याच घराचे दार, आणि किल्ली वरच्या कार्यालयात.

आणि तेव्हा मला सुचले. अभिमानाने सांगतो, तीन राजवटींत इतके स्वच्छ मला काही सुचले नव्हते. “साहेब,” मी म्हणालो, “बाईला पुरुषांत जायचं तर सोबत पुरुष लागतो. मग पुरुषाला बायकांत जायचं तर सोबत बाई नको? हाजी साहेब दाई म्हणून येतील. नात त्यांची सोबत म्हणून येईल. म्हाताऱ्या माणसाला एकट्याला बायकांत पाठवणं बरं दिसत नाही.”

मौलवींचा चेहरा उजळला. “तसं लिहून द्या.”

“आधी जाऊ या, मग लिहितो.” हे वाक्य माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच निघाले.

मौलवींच्या घरी नात आत गेली. पडद्याबाहेर गालिच्यावर हाजी तुराब मांडीवर प्रमाणपत्र घेऊन बसले, कारण बाळंतपण कायदेशीररीत्या तेच करत होते. मौलवी आणि मी भिंतीला टेकून उभे. बराच वेळ आतून फक्त कण्हणे. मग पडद्यामागून आवाज आला, स्वच्छ, मोठा, गल्लीत ऐकू जाईल असा:

“गरम पाणी आणा. लवकर.”

ज्यांच्या खात्यात बाईचा आवाज बंद करण्याचे काम होते, ते मौलवी फजल रबी किटली घेऊन धावले.

“हे कोमट आहे. उकळतं पाहिजे. आणि धुतलेलं कापड, ती चादर नको. बाहेर कुणीतरी सारखं खाकरतंय, त्याला म्हणावं अंगणात जा.”

मी अंगणात गेलो. मौलवी उकळते पाणी घेऊन आले, कापड घेऊन आले, आणि हुकूम मिळाला तसे पडद्याकडे पाठ करून हात लांब करून उभे राहिले. थोड्या वेळाने बाळाचे रडणे ऐकू आले आणि मी परत आत आलो. मौलवी भिंतीला कपाळ टेकून दुवा पुटपुटत होते. पण आतून मुबारकचा शब्द येत नव्हता. एक म्हातारी रक्ताने भिजलेले कापड घेऊन बाहेर आली, मग दुसरे घेऊन आली. हाजी तुराबांच्या मांडीवरचा कागद खाली पडला.

“पोरी,” ते पडद्याला म्हणाले, “हात.”

“ठेवलाय, बाबाजान.”

“काढू नकोस.”

“नाही काढत.”

किती वेळ गेला ते मी पाहिले नाही. हाजी दोन्ही तळवे गालिच्यावर दाबून बसले होते, जणू पोट तिथेच होते. शेवटी आतून थकलेला आवाज आला, “घट्ट झाली. थांबलंय.” हाजी तुराबांनी पगडीचे टोक तोंडावर घेतले आणि ते मोठ्याने रडले. मलाही रडू आले. कार्यालयीन वेळ संपलेली होती.

मुलगी झाली होती. आई जगली. मौलवींनी डोळे पुसले, पगडी नीट केली, आणि मग त्यांना आपला हुद्दा आठवला. ते हळूच म्हणाले, “हाजी साहेब, मघाशी आत आवाज कुणाचा होता?”

“माझा,” हाजी म्हणाले.

“वाटलंच मला.” मौलवींनी मान हलवली. “थंडीनं बसलाय जरा घसा तुमचा. मध घ्या.”

त्या आठवड्यातच तालुक्यात परिपत्रक निघाले की प्रत्येक सरकारमान्य दाईने कामावर जाताना घरातील एक स्त्री सोबत न्यावी; न नेल्यास कारवाई होईल. अशा रीतीने त्या सगळ्या मुली कारवाईच्या धाकाने घराबाहेर पडल्या. आजोबा, भाऊ, नवरे पडद्याबाहेर चहा पीत बसत आणि आत मुले जन्माला येत. त्या वर्षी आमच्या तालुक्यात बाळंतिणींना माती देण्याचे प्रसंग फार थोडे आले. प्रांताने याची दखल घेऊन हाजी तुराबांना उत्कृष्ट दाई म्हणून गौरवले आणि एक घोंगडी दिली.

पुढच्या पानगळीत हाजी तुराब वारले. झोपेत गेले, शांतपणे. जनाज्याची नमाज मौलवी फजल रबींनीच पढवली. लोक पांगल्यावर जमाल माझ्याकडे नातीचा निरोप घेऊन आला. दाई मेल्यावर सोबतिणीचे काय? आणि बाप इराणात, आजोबा मातीत, तर ती घराबाहेर पडणार कुणाबरोबर? शेजारच्या वाडीत पोटात जुळी असलेल्या एका बाईचे दिवस भरत आले होते. मृत्यूची नोंद करणे माझे कर्तव्य होते. मी दौत उघडली, तर थंडीने शाई गोठलेली. नोंद अजून राहिली आहे. शाई वितळण्याची मी वाट पाहतो आहे.

या हिवाळ्यात मौलवींच्या सुनेचे दिवस भरले. मी हाजी साहेबांचा पगार द्यायला त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा मौलवी गाडी घेऊन दारात आले.

“हाजी साहेब आहेत का घरी?” त्यांनी मला विचारले.

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिले. “आहेत. तयार होतायत.”

“सावकाश येऊ देत.”

नात बुरखा घालून, पिशवी घेऊन बाहेर आली आणि मागच्या सीटवर बसली. मौलवींनी पुढचे दार उघडले. पायरीकडे बघून म्हणाले, “जपून, हाजी साहेब, बर्फ आहे.” मग एक म्हातारा माणूस सीटवर नीट बसायला लागेल तेवढा वेळ थांबले, दार हलकेच लावले, आणि गाडी निघाली. संध्याकाळी नातू झाला. मौलवींनी हाजी तुराबांसाठी मिठाई पाठवली.

त्या मुलीने पुन्हा एकदा जमालकडून मला विचारले होते: प्रमाणपत्रावर माझे नाव कधी येणार? मेलेल्या माणसाच्या नावावर ती किती दिवस जगणार, हा तिचा प्रश्न रास्त होता. मी नियम बघून उत्तर कळवले की मागणी आल्याशिवाय नोंद करता येत नाही. तालुक्यातल्यांचे सोडा, पण बाहेरच्या कुणाही एका माणसाने, लेखी नको, नुसते तोंडी जरी विचारले की या मुलीचे नाव काय, तर मी त्याच दिवशी शाई शेगडीवर ठेवीन. तिने कळवले, ठीक आहे, मग कुणीतरी विचारेल असे काहीतरी करा.

म्हणून मी हे लिहिले. मुद्दाम सगळे तपशीलवार लिहिले. मेलेल्या म्हाताऱ्याला गाडीत बसवणाऱ्या मौलवींना तुम्ही हसला असाल. हसावे, माणूस हसण्यासारखाच आहे. टायरवाल्याचे नाव तुम्हाला ठाऊक झाले, माझे झाले, हाजी साहेबांच्या विकलेल्या ट्रकचेसुद्धा झाले. तुम्ही वाचत होतात आणि मी प्रत्येक ओळीला थांबत होतो, आता विचारतील, आता विचारतील म्हणून.

असो. येत्या वसंतात मी निवृत्त होतो आहे. कारकुनाची जागा रिकामी होईल. तुम्ही अर्ज करायला हरकत नाही. तुमची पात्रता मी पाहिली आहे.